कोपराची चूक पायात शोधा

बेसबॉलच्या पिचिंगचा सराव चालू असलेल्या कुठल्याही मैदानावर ‘कोपर वर घे, कोपर वर!’ ही हाक कानावर पडतेच. मुलगा ऐकतो, खांदा कानापर्यंत उचलून दोन-चार पिच टाकतो आणि पुन्हा मूळपदावर येतो. मग लक्ष नसल्याबद्दल बोलणी त्यालाच. आमचे स्पष्ट मत आहे की हातात दिसणारी ही चूक बहुतेक वेळा हाताची नसतेच.

आधी ‘वर’ म्हणजे कशाच्या वर, ते ठरवू. जमिनीपासूनची उंची इथे गैरलागू आहे. बॉल सुटताना दंड दोन्ही खांद्यांच्या रेषेतच असतो, मग पिचर ओव्हरहँड असो की साइडआर्म. हात उंच दिसतो की आडवा, हे ठरते धड किती कलले त्यावर. मेजर लीगमधला पिचर रँडी जॉन्सन याचा हात बाजूने यायचा आणि त्याच्या नावावर ४,८७५ स्ट्राइकआउट आहेत. ज्याचा हात मुळातच आडवा येतो, त्याला ओव्हरहँड करायच्या फंदात कृपया पडू नका.

चूक असते ती वेळेची. पुढचा पाय माउंडवर टेकतो, तो क्षण पाहा. तोवर कोपर खांद्याच्या पातळीला आलेले हवे. हात तेव्हाही मांडीपाशीच रेंगाळत असेल, तर धड फिरून जाते, हात मागून ओढला जातो आणि ताण येतो कोपराच्या आतल्या लिगामेंटवर. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये पिचर टॉमी जॉनवर शस्त्रक्रिया केली ती याच लिगामेंटची. वाढीच्या वयात तर तिथले हाडाचे वाढते टोकच आधी दुखावते.

हात मागे का पडतो? कधी तो ग्लोव्हमधूनच उशिरा निघतो. उचललेला गुडघा खाली यायला लागला की हात सुटलाच पाहिजे. कधी ग्लोव्हकडचा खांदा आधीच उघडतो. क्रिकेटची गोलंदाजी करून आलेली मुले पुढचा हात जोरात खाली खेचतात, त्यांच्याकडे इथे विशेष लक्ष द्या. उजव्या हाताच्या पिचरचे चित्रण थर्ड बेसच्या बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये करा आणि पाय टेकतो त्या फ्रेमवर थांबा. मग पाय फाकलेले, हात आधीच सुटलेले, अशा स्थितीतून त्याला निम्म्या वेगाने जाळीत बॉल टाकू द्या. ते अंगवळणी पडल्यावरच पूर्ण पिच. ‘कोपर’ हा शब्द तेवढे दिवस तोंडातून काढू नका. ‘गुडघा खाली, हात बाहेर’ एवढे पुरे.

हे दुरुस्तीचे थ्रोही मोजा. अमेरिकेच्या ‘पिच स्मार्ट’ नियमावलीत ११-१२ वर्षांच्या मुलाला सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ८५ पिचची मुभा आहे. सरावात पडणारा भार त्याखेरीज. आणि कोपर दुखतेय असे मुलगा म्हणाला, तर दुरुस्तीच्या नावाखालीही त्याच्याकडून एकही पिच टाकून घेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा.