ई-कार की पेट्रोल कार? घाटंजीतल्या घरासाठी ८ वर्षांचा हिशोब

घाटंजी : पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली त्याला बराच काळ झाला. त्यामुळे नवी गाडी घेताना ‘इलेक्ट्रिकच घेऊन टाकू का?’ हा प्रश्न आता तालुक्याच्या गावातही विचारला जातो. ‘किलोमीटरला फक्त एक-दीड रुपया,’ असे एक जण सांगतो. ‘बॅटरी गेली की गाडी भंगारात,’ असे दुसरा सांगतो. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. गाडी वर्षाला किती धावते आणि घराचे वीजमीटर कोणत्या टप्प्यात आहे, या दोन गोष्टींवर खरे उत्तर ठरते.

हिशोबासाठी काय धरले?

एकाच आकाराच्या दोन लहान गाड्या घेऊ. पेट्रोल कार ऑन-रोड साडेसात लाखांची, ई-कार साडेदहा लाखांची. म्हणजे फरक ३ लाखांचा.

• पेट्रोल १०५ रुपये लिटर, प्रत्यक्ष मायलेज १६ किलोमीटर. किलोमीटरला खर्च सुमारे ६ रुपये ५६ पैसे.
• ई-कार मीटरवरच्या एका युनिटमध्ये ७ किलोमीटर. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज यात धरली आहे.
• घरात अर्थिंग आणि चार्जिंग पॉइंटसाठी २० हजार रुपये.
• जादा ३ लाख कर्जाने घेतले, तर साडेनऊ टक्क्यांनी ५ वर्षांत सुमारे ७८ हजार रुपये व्याज.
• ८ वर्षांनी विकताना पेट्रोल कारचे २ लाख, ई-कारचे १ लाख.

सर्व्हिसिंगमध्ये ई-कार स्वस्त पडते. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच, स्पार्क प्लग यांचा खर्चच नाही. मात्र गाडीची किंमत जास्त असल्याने विम्याचा हप्ता वाढतो. थर्ड पार्टी विम्यात ई-कारला १५ टक्के सवलत आहे, पण संपूर्ण विम्यातली वाढ त्यातून भरून निघत नाही. म्हणून या हिशोबात सर्व्हिसिंगची बचत आणि विम्याची वाढ एकमेकांत वजा केली आहे.

विजेचा दर सगळ्यांना सारखा का नाही?

महावितरणच्या घरगुती दरपत्रकात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. वापर वाढला की वरच्या युनिटांना चढा दर लागतो. वीज आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळून या हिशोबात दुसऱ्या टप्प्यात युनिटला १३ रुपये आणि तिसऱ्या टप्प्यात १८ रुपये धरले आहेत.

गाडीची वीज घराच्या विजेवर चढते. पंखे, टीव्ही, फ्रिज यांनी पहिला टप्पा आधीच संपवलेला असतो. त्यामुळे गाडीला स्वस्त युनिट मिळतच नाही. १३ रुपये दराने किलोमीटरला १ रुपया ८६ पैसे पडतात, १८ रुपये दराने २ रुपये ५७ पैसे. ‘एक रुपयात किलोमीटर’चा हिशोब इथेच बिघडतो. तरीही पेट्रोलच्या तुलनेत हा खर्च निम्म्याहून कमीच आहे.

रोज यवतमाळला जाणाऱ्याला परवडते का?

घाटंजी ते यवतमाळ अंतर चाळीसेक किलोमीटर. नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाची किंवा बँक कर्मचाऱ्याची गाडी वर्षाला सहज २० हजार किलोमीटर धावते.

पेट्रोलचा वर्षाचा खर्च १ लाख ३१ हजार रुपये. ई-कारला महिन्याला सुमारे २३८ युनिट लागतील. घराचा वापर १०० युनिट असेल, तर गाडीमुळे बिलात महिन्याला सुमारे ३,३०० रुपयांची, म्हणजे वर्षाला साधारण ३९ हजारांची वाढ होईल.

८ वर्षांत पेट्रोल साडेदहा लाखांचे, वीज सव्वातीन लाखांच्या आतली. फरक ७ लाख ३५ हजार रुपये. त्यातून जादा किंमत, व्याज, चार्जिंग पॉइंट आणि विक्रीतला तोटा असे सुमारे ४ लाख ९८ हजार वजा केले, तरी २ लाख ३७ हजार रुपये हातात उरतात. ८ वर्षांनी ई-कारला एक रुपयाही आला नाही असे धरले, तरी सव्वा लाखाहून अधिक बचत होते.

याच गाडीवाल्याच्या घरी एसी असेल आणि उन्हाळ्यात घराचाच वापर २५० युनिटवर गेला, तर गाडीची बहुतेक वीज तिसऱ्या टप्प्यात मोजली जाईल. त्या महिन्यात गाडीचा खर्च ३,३०० वरून ४,००० रुपयांवर जाईल.

घरगुती वापरासाठी घेतली तर?

बाजार, लग्नकार्य, यवतमाळचा दवाखाना आणि वर्षातून दोन-तीनदा नागपूर. अशा घराची गाडी वर्षाला ६ हजार किलोमीटर धावते. तिचे पेट्रोल वर्षाला ३९ हजारांचे, वीज ११ हजारांची. ८ वर्षांत बचत २ लाख २६ हजार रुपये. पण जादा बोजा जवळपास ५ लाखांचा. म्हणजे ई-कार पावणेतीन लाखांनी महाग पडली.

या आकड्यांनुसार वर्षाला सुमारे १३ हजार किलोमीटर, म्हणजे दिवसाला सरासरी ३६ किलोमीटर, ही सीमा आहे. गाडी रोखीने घेतली आणि व्याज वाचले, तर सीमा ११ हजारांवर येते. त्याखाली वापर असेल तर केवळ इंधन वाचवण्यासाठी ई-कार घेण्यात अर्थ नाही.

सरकारी सवलतींचा किती फायदा?

राज्याचे ई-वाहन धोरण २०२५ हे ३१ मार्च २०३० पर्यंत लागू आहे. त्यात ई-कारला मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क माफ आहे. पेट्रोल कारला १० लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के कर लागतो. साडेसहा लाखांच्या गाडीवर तो ७१ हजार ५०० रुपये होतो. घाटंजीच्या ग्राहकाला सर्वांत थेट लाभ हाच.

टोलमाफीची गोष्ट वेगळी. धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि अटल सेतूचा समावेश आहे. यातला एकही रस्ता यवतमाळ जिल्ह्यातून जात नाही. समृद्धी शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून जातो. म्हणजे संभाजीनगर किंवा मुंबईकडे वारंवार जाणाऱ्यालाच ही माफी उपयोगाची.

दुसरीकडे पेट्रोल कारही स्वस्त झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल कारवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि उपकरही गेला. ई-कारवर तो आधीपासून ५ टक्केच आहे. ७ लाखांच्या पेट्रोल कारची किंमत यामुळे सुमारे ६० हजारांनी उतरली. तेवढी रक्कम इंधनाच्या बचतीतून भरून काढायला ई-कारला जवळपास १३ हजार किलोमीटर जादा धावावे लागते. त्यामुळे २०२५ च्या आधीचे हिशोब आज तसेच्या तसे लागू पडत नाहीत.

बॅटरीची भीती किती खरी?

बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल त्याची हमी देतात. वर्षाला २० हजार किलोमीटर धावणारी गाडी बरोबर ८ वर्षांनी ही मर्यादा गाठते. त्याहून जास्त धावणाऱ्या भाड्याच्या गाडीची हमी लवकर संपेल. खासगी आणि भाड्याच्या वापरासाठी हमीच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या लेखी पाहून घ्याव्यात.

बॅटरी एका दिवसात बंद पडत नाही, तिची क्षमता हळूहळू कमी होते. विदर्भाचा ४४-४५ अंशांचा मे महिना तिला मानवत नाही. गाडी सावलीत लावणे, रोज शंभर टक्के चार्ज न करणे आणि फास्ट चार्जिंग गरजेपुरतेच वापरणे, या सवयींनी तिचे आयुष्य वाढते.

वीज गेली तर आणि नागपूरला जायचे असेल तर?

यवतमाळच्या एका फेरीला सुमारे १२ युनिट लागतात. १६ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर ते चार तासांत भरतात. रात्री दोन-तीन तास वीज गेली तरी सकाळपर्यंत काम भागते. मात्र घराचा मंजूर भार एक-दोन किलोवॉटचाच असेल, तर तो आधी वाढवून घ्यावा लागतो.

नागपूरचा प्रवास दीडशे किलोमीटरहून लांबचा आहे. लहान ई-कारची प्रत्यक्ष रेंज दोनशेच्या आसपास धरली, तर एका चार्जमध्ये जाणे होईल, परत येणे होणार नाही. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला २० ते २५ रुपये धरले, तर किलोमीटरला तीन-साडेतीन रुपये पडतात. हे पेट्रोलपेक्षा कमी आहे, पण थांबण्याचा वेळ वेगळा मोजावा लागतो.

सौरछतामुळे गणित बदलते का?

बरेच बदलते. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. असा संच दिवसाला साधारण १२ युनिट, महिन्याला ३६० युनिट वीज देतो. रोज यवतमाळला जाणाऱ्याच्या घराची आणि गाडीची मिळून गरज ३३८ युनिट आहे. दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरिंगमुळे रात्रीच्या चार्जिंगमध्ये वळती होते. पावसाळ्यात उत्पादन घटते, तरी वर्षभराच्या हिशोबात वरच्या टप्प्यांचा दर बराचसा टळतो. स्वतःचे छत असणे ही मोठ्या शहरातल्या फ्लॅटवाल्याला सहसा नसलेली सोय घाटंजीत अनेकांकडे आहे.

निर्णयाआधी काय तपासावे?

• जुन्या गाडीचे वर्षाचे किलोमीटर. अंदाज नको, मीटरवरचा आकडा हवा.
• मागच्या १२ महिन्यांची वीजबिले, विशेषतः एप्रिल-मेची.
• कंपनीचे सर्व्हिस सेंटर किती लांब आहे. ई-कारच्या मुख्य बिघाडाला गावातले गॅरेज पुरत नाही.
• घराचे उत्पन्न कसे येते. पेट्रोलचा खर्च पाचशे-हजाराने होतो. ई-कारचे जादा ३ लाख पहिल्याच दिवशी लागतात, नाहीतर महिन्याला सुमारे ६,३०० रुपयांचा जादा हप्ता बसतो. पगारदाराला तो पेट्रोलच्या बचतीतून भरता येतो. ज्या घरात पैसा कापूस-सोयाबीन विकल्यावर वर्षातून एकदाच येतो, तिथे तोच हप्ता जुलै-ऑगस्टमध्ये अंगावर येतो. ८ वर्षांची बचत कागदावर कितीही दिसली, तरी तो भरता येईल का, हे आधी पाहिलेले बरे.