ससा खात नसेल, तर सकाळची वाट पाहू नका

मुलांच्या हट्टामुळे म्हणा किंवा स्वतःच्या हौसेनं म्हणा, ज्यांच्या घरी ससा आला आहे त्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. ससा १०-१२ तास काही खात नसेल किंवा त्याच्या लेंड्या पडत नसतील, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुत्रा एक वेळ जेवला नाही तर आपण थांबून बघतो, आणि बहुतेकदा ते चालूनही जातं. सशाच्या बाबतीत असं थांबणं त्याच्या जिवावर बेततं.

याचं कारण त्याच्या पोटात आहे. ससा दिवसरात्र थोडंथोडं गवत खात राहतो आणि गवतातल्या तंतूंमुळे त्याची आतडी हलती राहतात. खाणं थांबलं की आतडी मंदावतात, आतलं अन्न सुकत जातं, गॅस धरतो, पोट दुखतं आणि दुखतं म्हणून तो आणखीच खात नाही. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटातलं बाहेर टाकायची सोय नाही. उपास लांबला की यकृतात चरबी साठू लागते आणि मग वाचवणं अवघड होऊन बसतं. शिवाय ससा दुखणं लपवतो. रानात अशक्त दिसणाऱ्याला शिकारी आधी टिपतो, ही भीती पाळीव सशाच्याही अंगात आहे. म्हणून त्याचं दुखणं आपल्या लक्षात येतं, तेव्हा ते बरंच पुढे गेलेलं असतं.

म्हणूनच रोज त्याच्या लेंड्यांकडे बघा. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, सारख्या आकाराच्या आणि भरपूर असतात. त्या बारीक झाल्या, केसांनी एकमेकींना जोडलेल्या आल्या किंवा कमी झाल्या, की सावध व्हा. कोपऱ्यात अंग आकसून बसणं, दात करकरणं, आवडती कोथिंबीर नाकाशी धरली तरी तोंड फिरवणं, पोट टणक लागणं ही सगळी दुखण्याची चिन्हं आहेत. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, मान एका बाजूला कलणं किंवा मागचे पाय लुळे पडणं, यात तर एक तासही घालवू नका. मात्र पहाटे ससा स्वतःच्या बुडाला तोंड लावून मऊ लेंड्या खाताना दिसला, तर घाबरू नका. त्या त्याला लागतातच. त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात.

सशाच्या अंगाचं तापमान एरवीच साधारण १०१ ते १०४ अंश फॅरनहाइट असतं. अंग गरम लागलं म्हणून घरातली तापाची गोळी त्याला देऊ नका. खरं भय अंग गार पडण्याचं आहे. कान आणि अंग गार लागत असेल, तर कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा आणि निघा.

सगळेच प्राण्यांचे डॉक्टर सशांवर उपचार करत नाहीत. म्हणून ससा ठणठणीत असतानाच चौकशी करून ठेवा. मुंबईत परळला आणि नागपूरला जुनी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, साताऱ्याच्या बाजूला शिरवळला आहे. जवळ कुणी सापडत नसेल तर अशा ठिकाणी विचारा. जाताना ताज्या लेंड्या आणि त्याचं रोजचं खाणं बरोबर घ्या. जोडीदार ससा असेल तर शक्यतो त्यालाही न्या, दोघांनाही धीर येतो. ऑपरेशन ठरलं तरी त्याला उपाशी ठेवू नका. हा नियम कुत्र्या-मांजरांचा आहे, सशाचा नाही.

औषधाच्या बाबतीत धीटपणे प्रश्न विचारा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही अँटिबायोटिक्स तोंडातून दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरतात तो फिप्रोनिलचा स्प्रेही सशाला चालत नाही. ‘हे सशाला तोंडातून चालतं ना? दुखणं कमी व्हायला काही देताय ना?’ एवढं विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

घरी आणल्यावर खरी शुश्रूषा सुरू होते. शांत, हवेशीर कोपरा द्या. खाली मऊ कापड, उथळ भांड्यात पाणी आणि तोंडाशी ताजं गवत ठेवा. तो आपणहून खात नसेल तर डॉक्टर सिरिंजनं भरवायला सांगतील. पण पोट फुगलेलं असेल किंवा आतड्यात काही अडकल्याची शंका असेल, तर भरवण्यानं अपाय होतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. त्यांनी हो म्हटलं की सशाचे दाणे कोमट पाण्यात भिजवून पातळ पेज करा. ससा चार पायांवर बसलेलाच असू द्या, अंगाभोवती टॉवेल गुंडाळा. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून सुई काढलेली सिरिंज बाजूनं आत घाला. एका वेळी एक मिलीहून जास्त सोडू नका. गिळू द्या, मग पुढचा घोट. उताणा करून कधीच भरवू नका, पेज श्वासनलिकेत जाते. हे रात्रीही दर काही तासांनी करावं लागतं. एकट्यावर भार टाकू नका, घरातल्यांनी पाळ्या लावून घ्या. किती खाल्लं, किती लेंड्या झाल्या, औषध कधी दिलं, हे वहीत लिहीत चला. पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आपल्याकडचा उन्हाळा सशाला सोसत नाही. ३० अंश सेल्सिअसच्या वर त्याला त्रास होऊ लागतो, आणि विदर्भ-मराठवाड्यात तर पारा ४० ओलांडतो. त्याला पत्र्याखाली किंवा गॅलरीत ठेवू नका. बर्फ झालेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवा. उष्माघात झाल्यासारखं वाटलं तर कान साध्या पाण्यानं ओले करा आणि डॉक्टरकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. पावसाळ्यात ओल्या, घाण झालेल्या अंगावर माश्या अंडी घालतात आणि थोड्याच वेळात अळ्या पडतात. म्हणून आजारी सशाचं बूड रोज दोनदा तपासा, भिजलं असेल तर पुसून कोरडं करा. नाकावर, कानांच्या कडांना, पंज्यांवर पांढरट खपल्या दिसल्या तर ती खरूज असते. ती माणसांनाही लागते. रॉकेल, तेल, हळद-कडुलिंबाचे लेप लावत बसू नका. डॉक्टरांच्या औषधानं ती बरी होते.

बरं झाल्यावर त्याचं खाणं सुधारा. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून ते झिजले नाहीत, तर दाढांना धार येऊन जीभ आणि गाल सोलतात, आणि ससा पुन्हा खायचा थांबतो. पोळी, बिस्किट, ब्रेड बंद करा. गाजर आणि फळ क्वचित, तोंडी लावण्यापुरतं. पोटभर मिळायला हवं ते हरळीसारखं फवारणी न केलेलं, ताजं आणि वाळलेलं गवत.

शेवटचं सांगणं पैशांबद्दल आहे. ससा काही शे रुपयांना मिळतो आणि उपचाराला कित्येकदा त्याहून बराच जास्त खर्च येतो. अशा वेळी ‘एवढ्यात नवा ससा येईल’ असं घरात कुणीतरी बोलतं. हे बोलू नका, मुलांसमोर तर नकोच. नीट सांभाळला तर ससा ८ ते १२ वर्षं जगतो. ज्याला आपण पिंजऱ्यात ठेवलं त्याला स्वतःचं गवत शोधता येत नाही, की औषध मागता येत नाही. त्याची किंमत दुकानातल्या पावतीवर ठरत नाही, आपण त्याची जबाबदारी घेतली यावरून ठरते. आणि सगळं करूनही डॉक्टरांनी हात टेकले, तर त्याला वेदनेत ठेवू नका. शांत मरण देण्याबद्दल त्यांच्याशी मोकळेपणानं बोला.

आजच दोन गोष्टी करा. सशावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा फोन नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घाला. आणि झोपण्याआधी पिंजऱ्यातल्या लेंड्या पाहायचं काम घरातल्या एकाकडे नेमून द्या.