तोंड बंद केल्याने फुफ्फुस वाचत नाही

वृद्ध माणसाला जेवताना वारंवार ठसका लागू लागला, त्यातून एकदा न्यूमोनिया झाला आणि घरी सोडण्याची वेळ आली, की अनेक कुटुंबांच्या कानावर एकच सूचना पडते: आता तोंडाने काही देऊ नका, नाकातून नळी घालू. सूचना काळजीपोटीच दिलेली असते आणि तिच्यामागचा तर्कही वरवर बिनतोड वाटतो. अन्न श्वासनलिकेत उतरते म्हणून न्यूमोनिया होतो. तोंडाने खाणेच थांबवले तर ते उतरणार नाही. म्हणून नळी सुरक्षित. पण या तर्कातले पहिले विधान अर्धेच खरे आहे, दुसरे अपुरे आहे, आणि त्यांवर उभा केलेला निष्कर्ष स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यातल्या वृद्धांच्या बाबतीत तर सरळ चुकीचा आहे. मला मांडायचे आहे ते असे: या न्यूमोनियाचा खरा प्रतिबंध घास बंद करण्यात नाही. तो तोंड स्वच्छ ठेवण्यात आणि घास नीट भरवण्यात आहे.

आधी गिळण्याची क्रिया पाहू. जिभेने घास मागे ढकलला की मऊ टाळू उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, स्वरतंतू मिटतात, त्यांच्यावर झापड येते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे साधारण एका सेकंदात उरकते आणि त्यासाठी पंचवीसहून अधिक स्नायूंना वेळ साधावी लागते. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश किंवा नुसता अशक्तपणा या वेळेत खोट आणतो. म्हणजे अन्न चुकीच्या वाटेला जाते, हे खरेच. पण तेवढ्याने न्यूमोनिया होतो का? गाढ झोपेत निरोगी माणसांच्याही घशातला स्राव श्वसनमार्गात झिरपतो. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या निरोगी व्यक्तींपैकी ४५ टक्क्यांच्या बाबतीत हे आढळले होते. त्यांना न्यूमोनिया होत नाही, कारण त्या स्रावात जंतू कमी असतात, खोकला सशक्त असतो आणि प्रतिकारशक्ती शाबूत असते. तेव्हा काहीतरी खाली उतरले एवढाच प्रश्न नसतो. त्याबरोबर किती जंतू उतरले आणि ते बाहेर टाकण्याची ताकद शरीरात किती उरली आहे, यावर पुढचे सारे ठरते.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेत सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ वृद्धांचा चार वर्षांपर्यंत पाठपुरावा करून १९९८ साली निष्कर्ष मांडले. न्यूमोनियाचे भाकीत सर्वांत चांगले कशावरून करता आले? जेवणासाठी दुसऱ्यावर अवलंबून असणे, तोंड स्वच्छ करण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असणे, किडलेल्या दातांची संख्या, नळीने आहार, एकाहून अधिक आजार, औषधांची संख्या आणि धूम्रपान यांवरून. गिळण्यातला दोष धोक्याचा होताच, पण इतर कारणांची जोड नसताना तो एकटा सहसा पुरेसा ठरला नाही. या यादीत नळी संरक्षकांच्या रांगेत नाही, धोक्यांच्या रांगेत आहे. अधिक आजारी माणसांनाच नळी घातली जाते, म्हणून ती तिथे दिसते, असे कोणी म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. पण नळी खरोखरच संरक्षण देत असती, तर त्याची काही खूण कुठेतरी दिसायला हवी होती.

ती का दिसत नाही, हे शरीररचनाच सांगते. नळी अन्नाची वाट बदलते, लाळेची बदलत नाही. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तोंडात येतच राहते आणि नळी असली तरी ती त्याच सदोष घशातून गिळावी लागते. उलट तोंडाने खाणे थांबले की तोंड कोरडे पडते, जिभेवर थर साचतो आणि ‘तोंडाने तर काही देत नाही’ म्हणून दात घासणेही सुटते. पोटात सोडलेला आहार उलट वर येऊन घशात उतरू शकतो, तो प्रकार वेगळाच. छप्पर गळत असताना दाराला कुलूप लावण्यासारखा हा उपाय आहे. शिवाय गोंधळलेला वृद्ध नाकातली नळी उपसतो, म्हणून त्याचे हात खाटेला बांधले जातात. हालचाल थांबते, पाठीला जखमा होतात. अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांतील ३६ हजारांहून अधिक स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या नोंदी तपासून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, थेट पोटात बसवलेल्या नळीनेही आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. म्हणूनच अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची भूमिका स्पष्ट आहे: स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात नळीची शिफारस नाही, हाताने काळजीपूर्वक भरवावे.

घास रोखण्याच्या विचाराचेच सौम्य रूप म्हणजे पाणी, चहा, ताक असे सगळे पातळ पदार्थ सरसकट घट्ट करून देणे. क्ष-किरणांखाली घास गिळताना पाहिले, तर घट्ट द्रव श्वासनलिकेत कमी उतरतो, हे खरे आहे. पण पडद्यावरचे यश आणि रुग्णाचे आरोग्य एकच नव्हे. स्मृतिभ्रंश किंवा कंपवाताच्या ५१५ रुग्णांवरील २००८ च्या चाचणीत, पातळ द्रव हनुवटी खाली घेऊन गिळणे आणि घट्ट केलेला द्रव गिळणे यांची तीन महिने तुलना झाली. न्यूमोनियाच्या प्रमाणात ठाम फरक आढळला नाही. शरीरातले पाणी कमी होण्याचे प्रमाण मात्र घट्ट द्रव घेणाऱ्यांत ६ टक्के आणि इतरांत २ टक्के होते. खळीसारखे पाणी कुणालाच आवडत नाही, म्हणून माणूस ते कमी पितो. घट्ट करणे काहींना उपयोगी पडते, पण ते तपासणीनंतर आणि त्या माणसापुरते ठरवावे. सगळ्यांना एकच नियम लावू नये.

याचा अर्थ ठसक्याकडे दुर्लक्ष करावे असा नाही. ‘वय झालं, ठसका लागायचाच’ हे म्हणणे तितकेच घातक आहे. वयाबरोबर गिळणे मंदावते हे खरे. पण रोज जेवताना ठसका लागणे हे वयाचे लक्षण नाही, आजाराचे आहे. आणि ठसका लागत नाही म्हणजे सारे ठीक, हेही खरे नाही. पक्षाघातानंतर घशाची संवेदना इतकी बोथट होऊ शकते, की घोट श्वासनलिकेत उतरतो आणि खोकला येतच नाही. जेवणानंतर आवाज ओला, घोगरा होणे, घास गालात धरून ठेवणे, जेवणाला दुप्पट वेळ लागणे, वजन उतरणे, पुन्हा पुन्हा कफ आणि बारीक ताप या खुणा ठसक्याइतक्याच बोलक्या आहेत. वृद्धांमध्ये न्यूमोनिया तापावाचूनही येतो. एकाएकी ग्लानी, गोंधळ किंवा वाढलेला श्वास एवढेच दिसते. अशा वेळी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्यावी. हे तज्ज्ञ केवळ बोलण्यावर काम करतात असा समज आहे, पण गिळण्याचे दोष हाही त्यांच्याच कामाचा भाग आहे.

आता उपाय. पहिला तोंडाच्या स्वच्छतेचा. जपानमधल्या ११ शुश्रूषागृहांत ४१७ वृद्धांचे दोन गट करून दोन वर्षे पाहणी झाली आणि २००२ साली निष्कर्ष आले. एका गटाचे दात प्रत्येक जेवणानंतर घासले गेले आणि आठवड्यातून एकदा दंतवैद्याने दातांवरचा थर काढला. त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्या गटात १९ टक्क्यांना. याविरुद्धचा पुरावाही समोर ठेवला पाहिजे. अमेरिकेतल्या ३६ शुश्रूषागृहांतील ८३४ वृद्धांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी लाभ दिसत नाही म्हणून मध्येच थांबवावी लागली. तिथे दात-हिरड्या घासणे, क्लोरहेक्सिडीन औषध आणि बसवून भरवणे असा कार्यक्रम होता. तेव्हा तोंडाची स्वच्छता हा रामबाण आहे, असा दावा मी करणार नाही. पण जपानी प्रयोगातली जेवणागणिक घासण्याची आणि दंतवैद्यकीय देखरेखीची जोड तिथे नव्हती. शिवाय ब्रश फिरवल्याने कुणाचे हात बांधावे लागत नाहीत, आणि लाभ अनिश्चित धरला तरी तोंड ताजे राहते, चव परत येते, हा फायदा रोकडा आहे. रात्री कवळी काढून, घासून पाण्यात ठेवणे ही त्याहून साधी गोष्ट. टोकियोतल्या ८५ वर्षांवरील ५२४ वृद्धांच्या पाहणीत, कवळी घालूनच झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता.

दुसरा उपाय भरवण्याच्या रीतीचा. माणूस पूर्ण जागा असावा. झोपेची गोळी देऊन लगेच पेज भरवणे म्हणजे धोका ओढवून घेणे. त्याला शक्यतो खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून, नाहीतर पाठीला उशा लावून ताठ बसवावे. भरवणाऱ्याने समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. उभे राहून भरवले की त्याची मान वर होते आणि श्वासमार्ग उघडा पडतो. ठसका लागल्यावर ‘वर बघा’ म्हणण्याची आपली सवयही याच कारणाने मोडायला हवी. पुढे वाकून खोकू द्यावे. चमचा अर्धाच भरावा. घास दिल्यावर गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली, म्हणजे घास उतरला. ती हलेपर्यंत दुसरा चमचा थांबवावा. मऊ गुरगुट्या भात, दाट वरण, घोटलेली खिचडी सहसा सोपी पडते. दुधातले चुरमुरे किंवा पातळ आमटीत तरंगणारा मोकळा भात अवघड, कारण त्यात घट्ट आणि पातळ असे दोन्ही एकाच घासात सांभाळावे लागते. जेवणानंतर चूळ भरायला लावून किंवा तोंड पुसून घेऊन अर्धा तास तरी बसवून ठेवावे.

आक्षेप येतील. पहिला असा, की पक्षाघातानंतर नळीनेच माणसे तगतात. मान्य. त्या रुग्णांपैकी अनेकांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते आणि तोवर नळी हा पूल असतो. म्हणूनच तिला मुदत हवी: पुन्हा तपासणी कधी आणि नळी काढण्याचा विचार कधी, हे घरी जाण्यापूर्वी कुटुंबाने विचारलेच पाहिजे. माझा विरोध नळीला नाही, मुदत नसलेल्या नळीला आहे. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा: मग काय उपाशी मारायचे? स्मृतिभ्रंशाच्या अखेरीला भूक मंदावणे हा आजाराचाच भाग असतो. जेवढे मागेल, जेवढे सोसेल, तेवढे प्रेमाने भरवणे म्हणजे उपाशी ठेवणे नव्हे. त्या घासात थोडा धोका उरतोच. पण तो नळीतही उरतो, आणि घासाबरोबर चव आणि माणसाची सोबत तरी मिळते. तो धोका पत्करायचा की नाही, हे शक्य असेल तोवर त्या माणसालाच विचारावे. कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो सर्वांत खरा आहे. एकेका जेवणाला पाऊण तास कोण देणार? आज तो बहुधा घरातली सून, मुलगी, पत्नी किंवा ब्युरोकडून आलेली मावशी देते, आणि भरवायचे कसे हे तिला कुणी शिकवलेले नसते. पण यावरून नळी योग्य ठरत नाही. एवढेच ठरते की आपण भरवण्याला काम मानलेले नाही. ते काम मानले, तर पुढच्या मागण्या सरळ आहेत. घरी सोडताना रुग्णालयाने कुटुंबाला भरवण्याचे आणि तोंड स्वच्छ करण्याचे प्रात्यक्षिक द्यावे. मावशींच्या प्रशिक्षणात हे दोन्ही असावे. घरातल्या पुरुषांनी दिवसातले एक जेवण आपल्याकडे घ्यावे. आणि ज्या कागदावर गोळ्यांची नावे लिहिली जातात, त्याच कागदावर डॉक्टरांनी दात घासण्याच्या वेळाही लिहाव्यात, कारण या आजारात तोही उपचारच आहे.