नळातील पाण्याचा दाखला

मुंबईत करी रोड येथील 60 मजली इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर 22 ऑक्टोबर 2021 रोजी आग लागली आणि जीव वाचविण्याच्या धडपडीत एक सुरक्षारक्षक खाली कोसळून मृत्यू पावला, तेव्हा त्या इमारतीची अंतर्गत अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नव्हती, असे अग्निशमन अधिकाऱ्यांनी सांगितले. इतक्या उंच वास्तूत यंत्रणा असावी आणि ऐन वेळी निकामी ठरावी, ही गोष्ट मला असह्य वाटते.

लंडनच्या 24 मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली 72 माणसे दगावली. तेथे स्प्रिंकलर नव्हतेच. पुढे 2020 साली इंग्लंडने नव्या निवासी इमारतींसाठी स्प्रिंकलरच्या सक्तीची उंची 30 मीटरवरून 11 मीटरवर आणली. आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा अधिनियमाबरहुकूम परवानाधारक संस्थेने दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, द्यावयाचा असतो. परंतु दाखला दप्तरात रुजू होतो आणि पाण्याचा दाब मात्र कोणी पाहत नाही.

स्प्रिंकलरची रचना साधी आहे. छतावरील तोटीच्या मुखाशी द्रवाने भरलेली काचेची कुपी असते. घरगुती वापराच्या सामान्य प्रकारात ती सुमारे 68 अंश सेल्सिअसला फुटते आणि आगीलगतच्या तेवढ्याच तोटीतून पाणी बरसू लागते. सारे घर पाण्याखाली जाईल ही धास्ती म्हणूनच निराधार आहे. मात्र सजावटीच्या वेळी खोट्या छताआड गेलेली वा रंगाने माखलेली तोटी, दुरुस्तीसाठी बंद केलेला आणि पुन्हा न उघडलेला व्हॉल्व्ह, किंवा गळतीच्या त्रासाने बंद ठेवलेला पंप, यांपैकी एक कसूरही सारी योजना व्यर्थ करण्यास पुरेशी असते, आणि शिडी न पोहोचणाऱ्या मजल्यावर त्याची किंमत रहिवाशाला, आणि जिना चढून वर जाणाऱ्या जवानाला मोजावी लागते.

म्हणून माझी मागणी अशी की, सहामाही तपासणी सोसायटीच्या सभासदांसमक्ष, सर्वांत वरच्या मजल्यावरील चाचणी-व्हॉल्व्ह उघडून व्हावी; नोंदलेला दाब तारखेसह प्रवेशद्वाराशी लावावा; आणि न तपासता दाखला देणाऱ्या संस्थेचा परवाना महापालिकेच्या व शासनाच्या अधिकाऱ्यांनी विनाविलंब रद्द करावा.