रिकाम्या खुर्चीपुढचा पडदा

शिक्षक नेमण्याऐवजी पडदा टांगावा, ही कल्पना राज्यकर्त्यांना जितकी प्रिय आहे, तितकाच पडद्याचे नाव निघताच कानांवर हात ठेवण्याचा प्रघात पुरोगामी मंडळींत पडला आहे. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत. पहिलीत तिजोरी वाचते. दुसरीत विचार करण्याचे श्रम वाचतात. ज्या शाळेत गणिताचा वा विज्ञानाचा शिक्षक आज नाही आणि उद्याही येण्याचे चिन्ह नाही, तेथील मुलाने या वर्षी काय करावे, याचे उत्तर मात्र दोघांपैकी कोणीच देत नाही. मुलाचे सातवीचे वर्ष आंदोलनाच्या यशापयशाची वाट पाहत थांबत नसते.

परभणी-जिंतूर रस्त्यावरील बोरी हे जिंतूर तालुक्यातील मोठे गाव. रस्त्यावरच्या गावाला एस.टी. आहे, बाजार आहे, शाळेचा पर्यायही कमीअधिक प्रमाणात आहे. खरा प्रश्न रस्ता सोडून आत वळल्यावर सुरू होतो. आडबाजूच्या वाड्यांवर आणि तांड्यांवर वर्ग लहान, पट तुटपुंजा. त्यातही दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर काही मुले कारखान्यांच्या फडावर निघून जातात. अशा ठिकाणी शाळा म्हणजे जिल्हा परिषदेचीच शाळा. मराठवाड्यात तर हे आणखीच खरे आहे. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा भार ‘रयत’सारख्या संस्थांनी उचलला. मराठवाड्यात निजामी राजवटीकडून आलेल्या सरकारी माध्यमिक शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या आणि ‘प्रशाला’ या नावाने त्या आजही चालतात. पहिलीत नाव घातलेले मूल दहावीपर्यंत एकाच लोकनियुक्त संस्थेच्या जबाबदारीवर राहू शकते, ही सोय सर्वत्र नाही. म्हणूनच पडद्यावरील अभ्यासक्रम कोणी चालवावा, या प्रश्नाचे उत्तर मंत्रालयात वा दिल्लीत शोधण्यापूर्वी परभणीच्या जिल्हा परिषदेत शोधले पाहिजे.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असावा असे सांगतो. राज्य सरकारच्या १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने मात्र याच वर्गांचा पट २० च्या आत असेल, तर तेथे शिक्षकाचे पदच उरू नये अशी व्यवस्था केली. कायदा विषय मोजतो, संचमान्यता डोकी मोजते. त्याआधी २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळांच्या जागी समूह शाळा काढण्याचा घाट घातला गेला होताच. शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी या धोरणाविरुद्ध आवाज उठविला, तो रास्तच होता. परंतु असल्या धोरणाच्या हाती पडदा सापडला, तर तो शिक्षकपद रद्द करण्याचे निमित्त ठरेल, ही भीती खरी असली तरी तिच्यावरून पडदाच नको असा निष्कर्ष काढणे म्हणजे सावकाराच्या भीतीने पतपेढीच न काढण्यासारखे आहे.

जिल्हा परिषदेने करावयाचे काम मुळात अवघड नाही. जिल्ह्यात विज्ञान उत्तम शिकविणारे शिक्षक आहेत; ते एका शाळेला मिळतात आणि शेजारच्या दहा शाळांना मिळत नाहीत. अशा शिक्षकाने ठरलेल्या तासाला, ठरलेल्या शाळांना, प्रश्न विचारता येतील अशा रीतीने एकाच वेळी शिकवावे. त्या शाळेच्या वर्गात दुसरा शिक्षक हजर असावा. त्याने वह्या पाहाव्यात, मागे राहिलेल्या मुलाला पुन्हा समजावून सांगावे. प्रयोगाचे साहित्य केंद्रशाळेतून फिरते राहावे आणि शिकविणाऱ्याने महिन्यातून एकदा प्रत्येक शाळेत स्वतः जावे. ज्या मुलांना तो केवळ आवाजाने ओळखतो, त्यांना तो ओळखतच नाही. वीज गेली वा जोडणी तुटली, तर तोच पाठ दुसऱ्या दिवशी लावता यावा म्हणून तो साठवून ठेवावा. फडावर गेलेल्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. परंतु नव्या शाळेत दुसऱ्याच धड्यापासून सुरुवात झाली, तर नुसत्या कार्डाने अभ्यास पुढे सरकत नाही. आपल्याच शाळेचे पाठ कारखान्याच्या परिसरातील शाळेत बसून पाहता आले, तर परतलेले मूल वर्गात परके ठरणार नाही.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा हिशेब ध्यानात घ्यावा लागतो. एकदा तयार केलेला पाठ शंभराव्या शाळेत पोहोचविण्याचा वाढीव खर्च नगण्य असतो. मुलाची वही तपासण्याचा खर्च मात्र शंभराव्या मुलामागेही तेवढाच राहतो, जेवढा पहिल्यामागे होता. सरकारी हिशेबात पहिली बाब दिसते, दुसरी गाळली जाते, आणि मग ‘बचत’ नावाचा चमत्कार घडतो. वस्तुतः ती बचत नसते. न केलेल्या कामाची न दिलेली मजुरी असते.

२०२० साली ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा झाली, तेव्हा हेच घडले. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलिमिली’ लागली, ‘दीक्षा’वर पाठ्यपुस्तकांना जोडलेले साहित्य होते, शिक्षकांनी पदरमोड करून पाठ पाठविले, या कष्टांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील इंटरनेट असलेली कुटुंबे जेमतेम १४.९ टक्के होती. घोषणा करणाऱ्यांसमोर हा आकडा होता. केरळने त्याच जूनमध्ये आपल्या सरकारी ‘व्हिक्टर्स’ वाहिनीवरून ‘फर्स्ट बेल’ हा उपक्रम सुरू केला आणि पहिल्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यात एका दलित शाळकरी मुलीने आत्महत्या केली. घरचा दूरचित्रवाणी संच नादुरुस्त होता, फोनमध्ये पैसे नव्हते. त्यानंतर वाचनालये, अंगणवाड्या आणि सार्वजनिक ठिकाणी संच बसविण्याची धावपळ तेथे झाली. ती आधी व्हावयास हवी होती, एवढाच त्या राज्यावरचा आक्षेप. महाराष्ट्रात तेवढी धावपळही झाली नाही.

आता काळ बदलला, घरोघर फोन आले, असे सांगितले जाते. २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भागातील सुमारे ९० टक्के घरांत स्मार्टफोन आहे, हे खरेच आहे. पण त्याच पाहणीत १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे ३६ टक्क्यांच्या आसपास आणि मुली २७ टक्क्यांच्या आसपास आहेत. फोन घरात असतो. तो बापाच्या खिशात, भावाच्या हातात असतो. मुलीच्या वाट्याला तो चूल आवरल्यावर, चार्जिंग संपत आल्यावर येतो. म्हणून जिल्हा परिषदेचा अभ्यासक्रम शाळेच्या वेळात, शाळेच्या खोलीत, शाळेच्या संचावर झाला पाहिजे. घरच्या फोनवर ढकललेले शिक्षण हे सार्वजनिक शिक्षण नव्हे.

दुसरा धोका बाजाराचा. आंध्र प्रदेश सरकारने २०२२ मध्ये ‘बायजूज’ कंपनीशी करार करून सरकारी शाळांतील आठवीच्या लाखो मुलांना तिचे साहित्य भरलेल्या टॅब्लेट वाटल्या. जुलै २०२४ मध्ये त्याच कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जिचे शटर कर्जापायी उतरू शकते, ती शाळा नव्हे, दुकान होय. आणि सरकारने मुलांना हाताला धरून त्या दुकानात नेले होते. याउलट महाराष्ट्राचे स्वतःचे घर होते. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली; मुलांसाठी मराठीतून हजारो कार्यक्रम तेथे तयार झाले. केंद्राचा निधी आटला, राज्याने हात आखडता घेतला, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये संस्थेला टाळे लागले. तीन वर्षांनी शाळा बंद पडल्या, तेव्हा हेच सरकार पाठ कोठून आणावेत याच्या चिंतेत पडले.

केंद्र सरकारची वृत्ती याहून निराळी नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात शैक्षणिक वाहिन्या १२ वरून २०० करण्याची घोषणा झाली. वाहिन्या दोनशे असोत की दोन हजार, बोरीजवळच्या तांड्यावर वीज कोणत्या वेळी जाते, हे त्या वाहिनीला ठाऊक नसते. ते जिल्ह्याला ठाऊक असते. लोहियांच्या चौखंभा राज्यात जिल्हा हा एक खांब होता, तो याचसाठी. प्रत्यक्षात २०२२ मध्ये जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि परभणीसह अनेक जिल्ह्यांत कित्येक वर्षे निवडणुकाच न घेता प्रशासकांनी कारभार हाकला. शिक्षण समितीच नाही, तेथे शाळेतील रिकाम्या खुर्चीचा जाब कोणी कोणाला विचारावा?

विजेचा विषय निघालाच आहे, तर तोही सांगितला पाहिजे. लोकवर्गणीतून शाळा ‘डिजिटल’ झाल्याचे फलक राज्यभर लागले आणि थकलेल्या बिलांपायी अनेक शाळांच्या जोडण्या तोडल्या गेल्या. जिंतूर तालुक्याच्याच येलदरी धरणावर २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. त्या तालुक्यातील शाळेने आपला संच चालविण्यासाठी गावकऱ्यांपुढे झोळी पसरावी, हा विकास कोणाचा?

१९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाची ठिणगी परभणीत पडली आणि तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील वसमतला गोळीबारात दोन तरुण गेले. त्यानंतर दहा वर्षांनी दांडेकर समितीने राज्याची सरासरी हा मापदंड धरून जिल्हावार अनुशेष काढला. त्यात सामान्य शिक्षणही होते. खोल्या, पदे, पट हे सारे मोजले गेले. पडद्यावरील शिक्षणाचा अनुशेष अजून कोणी मोजलेला नाही, आणि जो मोजला जात नाही त्याला निधी मिळत नाही, हे प्रत्येक कार्यकर्त्याला अनुभवाने ठाऊक आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी निवेदनांची भाषा बदलावी. ‘ऑनलाइन शिक्षण रद्द करा’ या मागणीच्या जागी तीन अटी स्पष्ट लिहाव्यात: अभ्यासक्रम जिल्हा परिषदेच्या मालकीचा आणि तिच्याच शिक्षकांनी चालविलेला असावा, तो सुरू झाला म्हणून एकही रिक्त पद भरलेले समजले जाऊ नये, आणि शाळेचे वीजबिल व जोडणीचे शुल्क जिल्हा परिषदेने भरावे. बोरीपासून आरंभ करण्यास हरकत नाही. आसपासच्या प्रत्येक शाळेत कोणत्या विषयाचा शिक्षक कधीपासून नाही, वीज चालू आहे की तुटलेली, संच आहे की कपाटात बंद, याची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या सह्यांनिशी तयार करावी, ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडावी आणि जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प मंजूर होण्यापूर्वी परभणीला पोहोचवावी.