पडद्यावरचे ट्रापानी, दारातले बीड

इटलीच्या ‘राई’ या सार्वजनिक वाहिनीवर २०१७ मध्ये आलेली ‘माल्टेसे’ ही मालिका १९७६ च्या सिसिलीत, ट्रापानी शहरात घडते. सहकारी मित्राच्या हत्येचा छडा लावू पाहणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला तेथे मारेकऱ्यांपेक्षा त्यांना पाठीशी घालणारी प्रतिष्ठित मंडळीच अधिक आडवी येतात. माफियाचे सदस्य असणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा इटलीत झाला तो १९८२ मध्ये, आणि तोही त्याचा पाठपुरावा करणारे खासदार पिओ ला तोर्रे व पालेर्मोचे प्रीफेक्ट, म्हणजे केंद्र सरकारचे प्रतिनिधी, दाल्ला किएझा यांचे बळी गेल्यावर.

महाराष्ट्रात टोळीच्या संघटित गुन्ह्यांसाठीचा मकोका हा कायदा १९९९ पासून आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला, त्या प्रकरणात तो लावण्यात आला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड देशमुख आले, असे आरोपपत्र म्हणते.

म्हणूनच ‘पडद्यावरील संघटित गुन्हेगारी’ हा विषय या अंकाने घेतला असून, गुंडाच्या रुबाबापेक्षा तपास अधिकारी, साक्षीदार आणि गप्प बसवले गेलेले गाव यांना मालिका किती जागा देतात, हे आम्ही तपासले आहे. जिल्ह्यातील वाचकांनी, विशेषतः शिक्षक, वकील व ग्रामपंचायत सदस्यांनी, आपली मते सविस्तर कळवावीत.