गाठोडे सोडा, गोधडी मांडा

भगिनींनो, ट्रंकेतले चिंध्यांचे गाठोडे यंदाही तसेच आहे ना? नक्षी ठरवत बसाल तर मिरगाचा पाऊस दारात येईल. नक्षी नकोच. विरलेले सुती लुगडे चौपदरी करून पडवीत अंथरा, कोपऱ्यावर पहिली चिंधी ठेवा, कडा आत दुमडा आणि धावदोरा घाला. पुढची चिंधी तिच्यावर जराशी चढवा. रंग हाताला लागेल तो. कडेकडेने फिरत मध्यावर या. उत्तर कन्नडातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका आपली कवंदी अशीच शिवतात, आणि कोपऱ्यांना घडीचे 'फूल' लावतात.

मात्र घाटावरची दोन-तीन लुगडी भरलेली जाड गोधडी आपल्या मालवणकडे नको. पावसात वाळत नाही, बुरशी धरते. एकाच लुगड्यावर भागवा. टेरिलीन, नायलॉन वगळा. घाम टिपत नाही. लाल-निळी चिंधी ओली करून पांढऱ्या फडक्यावर दाबा. रंग उतरला तर बाहेर!

गेलेल्या सासूबाईंच्या लुगड्याला कात्री लावायला हात धजत नाही? लावूच नका. अख्खे नऊवारी चौपदरी केले की दोन मीटर लांबी येते, एका माणसाला पुरते. तेच तळाला घाला.